खूण

वकील संघटनेचं वार्षिक नाटक. पाचवा अंक संपला
तेव्हा सरदारीण पलंगावर मेलेली, सरदार तिच्या पायाशी,
आणि कारभारी, म्हणजे ॲडव्होकेट भूपाल मगदूम,
विंगेत भडंग खात उभे, मिशी एका बाजूनं सुटलेली.

मग पडद्यापुढे टेबल मांडलं.
यंदा गंमत म्हणून खटला: सरकार विरुद्ध कारभारी.
निवृत्त न्यायाधीश तांबोळी बाई खुर्चीत,
आणि मी, सत्तावीस वर्षं विजयनगरच्या कोर्टात
लोकांची वाक्यं उतरवून घेणारी,
तीन पेन्सिलींना टोक काढून तयार. सवय.

रोहिणी बिरनाळे उठल्या. अपप्रेरणा, मॅडम.
जुनं कलम एकशे सात, नवं पंचेचाळीस.
कट्यार यानं उचलली नाही, कबूल,
पण म्यान सैल केलं कुणी?

मगदूम हसले. माझ्या अशिलाचं, म्हणजे माझंच,
एक तरी विधान दाखवा.
दुसऱ्या अंकात तो विचारतो, 'बाईसाहेब अजून जाग्या आहेत वाटतं?'
तिसऱ्यात म्हणतो, 'जाऊ द्या, सरकार. माझेच डोळे म्हातारे.'
चौथ्यात तर गप्पच. बसून पानाला चुना लावतो.
आता चुना लावणं हा खून असेल
तर निम्मी सांगली आत जाईल.
टाळ्या. मागच्या रांगेतून शिट्टीसुद्धा.

रेकॉर्ड वाचा, तांबोळी बाई मला म्हणाल्या.
मी वाचलं.
माझ्या तोंडी ती वाक्यं किती सोज्वळ झाली,
उकडून वाळवलेल्या हळकुंडांसारखी, ओळीनं.
'बाईसाहेब अजून जाग्या आहेत वाटतं?'
यात कुणी मरत नाही.

'जाऊ द्या' आणि 'सरकार' यांच्यामध्ये
मगदूम जेवढे थांबले होते,
अख्ख्या नाट्यगृहानं श्वास धरला होता जिथं,
त्याला लघुलिपीत खूण नाही.
स्वरांना ठिपके आहेत, व्यंजनांना रेघा,
चुन्यावर फिरणाऱ्या बोटाला काही नाही.
आणि खून तिथंच झाला होता.

बाईंनी चष्मा काढला.
संशयाचा फायदा आरोपीला, म्हणाल्या.
मग जरा थांबून: यानंच पेरला, यालाच पीक.
लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

रिक्षानं घरी येताना वही मांडीवर होती.
एकोणीस वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा,
धनपालदादाला चहा देताना मी विचारलं होतं,
'वैजयंता वहिनींना हल्ली हरिपूरचीच बस बरी मिळते रे?'
एवढंच.
वहिनी मेल्या नाहीत. एक ट्रंक घेऊन
इचलकरंजीला माहेरी गेल्या, साड्यांना फॉल लावतात म्हणे.
त्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी रजा टाकली,
नंतर नक्कल मात्र काढून वाचली, दोनदा.
माझं नाव कुठंच नव्हतं.
त्यांना ठाऊकच नव्हतं. दादालाही
तो विचार स्वतःचाच वाटत होता.

आज समासात मी एक खूण करून पाहिली,
कुठल्याच पुस्तकात नसलेली, रिकामं वर्तुळ.
तिच्यापुढं सगळं वाक्य पुन्हा लिहिलं,
माझं, मगदुमांचं नव्हे.

साखर कधीच विरघळली होती.
मी ढवळत होते.