खिसे

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत, दुसऱ्या जिन्याखाली,
जगातल्या सगळ्या सेना माझ्या ताब्यात आहेत.
हँगरवर. डांबरगोळ्यांच्या वासात.
भाडं दिवसाला अडीचशे, डिपॉझिट वेगळं.

रोमन चिलखत आमचं तेलाच्या डब्याचं,
आतून अजून वाचता येतं: शेंगदाणा, पंधरा किलो.
मंगोल म्हणजे दोन जुनी घोंगडी आणि नळबाजारातली फर.
सामुराई चटईचा, बुटपॉलिश मारलेला,
घाम आला की मानेवर रंग सोडतो.
स्पार्टाला कापड सर्वांत कमी लागतं,
म्हणून शेठना स्पार्टा आवडतो.
आणि मावळे. कितीही शिवा,
फेब्रुवारीत कमीच पडतात.

गॅदरिंगच्या आधी मुलं येतात, हमखास विचारतात,
काका, सगळ्यांत भारी कोण?
फणसवाडीतला अद्वय तर वही घेऊन येतो:
घोड्यांना दहापैकी गुण, शिस्तीला गुण,
मरायच्या तयारीला गुण.
मला जे दिसतं ते मी सांगतो.
मंगोल काखेत उसवतो, धनुष्य ओढून ओढून.
तुर्क गुडघ्यावर फाटतो, पण त्यात त्याचा दोष नाही,
पायजमा मीच घट्ट बेततो.
झुलूची ढाल पुठ्ठ्याची, वाकते, मोडत नाही.
आणि मावळा? त्यानं पेन सरसावलं.
दहापैकी अकरा द्यायचे हे घरूनच ठरलेलं.
बाराबंदी जाते बारा बंदांची, म्हटलं,
परत येते ती सातांची.

वहीत याला रकाना नव्हता.

शूटिंगला माल गेला की तऱ्हा निराळी.
सकाळी गोरेगावात जो पठाण म्हणून पडतो
तोच जेवणानंतर मोगल म्हणून पडतो,
एकाच शिफ्टच्या पैशात.
हुसेन म्हणून एक आहे, एकवीस वर्षं मरतोय.
म्हणतो, ग्रीक मरण बरं,
खाली वाळू टाकतात.

मग गेल्या डिसेंबरात डिचवलकर बाई आल्या.
पिशवीत गणवेश, खरा.
नातवाला फॅन्सी ड्रेसला हवा होता,
लहान करून द्या, कापा हवा तेवढा.
मिस्टर नाईक होते पलटणीत. लढाईत पडले नाहीत.
परत आले, फोर्टात एका बँकेच्या दारावर
पंधरा वर्षं स्टुलावर बसले,
साखरेनं गेले.

शिवण उसवताना डाव्या खिशात बोट गेलं.
चार घड्यांचा कागद:
साबुदाणा. रॉकेल. बेबीला निळी रिबन.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.
रिबन आणली होती, म्हणाल्या, पण हिरवी.
आणि शिलाईत वीस रुपये कमी करायला लावले.

त्या रात्री दुकान बंद करण्याआधी
सगळ्या सेनांवरून हात फिरवला.
एकीलाही खिसा नाही.
तलवारीला म्यान दिलं मी, बाणांना भाता,
शिंगाला गोंडासुद्धा.
तीस वर्षं शिवतोय.

शेठना न विचारता आतून खिसे लावले,
उरल्यासुरल्या अस्तराचे.
आता माल परत आला की डाग नंतर, खिसे आधी.
रोमनात शेंगांची टरफलं.
सामुराईत डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.
मावळ्यात चावलेलं खोडरबर.
मंगोलात कुणाच्या तरी घराची किल्ली,
दोन महिने झाले, न्यायला कोणी आलेलं नाही,
खिळ्याला टांगून ठेवलीय.
स्पार्टाला मात्र खिसा लावता आला नाही.
लावणार कुठे?

परवा अद्वय पुन्हा आला. काका, मग नक्की कोण?
मी काही बोललो नाही, खिळ्याकडे बोट केलं.
त्यानं किल्ली हातात घेतली, उलटसुलट केली,
दाते मोजले.
मग वही उघडली
आणि नवा रकाना आखायला
माझी पट्टी मागितली.