शांत पाण्याचा अंदाज

सकाळी सहाला मिठबावहून संमेदचा मेसेज:
"काका, लाट गुडघ्याएवढी. दोन लाटांत नऊ सेकंद.
वारा जमिनीकडून, नावापुरता.
पुढचे पाच दिवस असंच. समुद्र झोपलाय.
तिकडे किती?"

मी चष्मा पुसतो, आयर्विनखाली उतरतो.
आकड्यांची अख्खी शिडी उघडी पडलीय,
खालच्या पायऱ्यांवरचा रंग कधीच टिकत नाही,
तिथे शेवाळानं स्वतःची सही करून ठेवलीय.
वाकून वाचतो. गुडघा कुरकुरतो. लिहितो:

"कृष्णा, सांगली. लाट नाही.
एक आली होती, सव्वासातला,
मुल्लांची म्हैस उठली म्हणून.
दुसरी येईना, अंतर मोजायचं राहिलं.
म्हैस परत बसली.
वारा: घाटावरचा धूर सरळ वर जातोय.
पाण्याचा रंग: कालच्या चहाचा.
केंदाळ पुलापासून बंधाऱ्याकडे निघालंय,
चार दिवसांत वीस पावलं."

तो हसल्याचं चित्र पाठवतो.
त्याच्याकडे पुण्याची पोरं येतात, फळीवर पालथी पडतात,
भरतीची वाट बघत पाठ भाजून घेतात.
सपाट दिवसांत, म्हणतो, शिकवणं सोपं,
पैसे परत मागणाऱ्यांना समजावणं अवघड.

ऑगस्टात मला सगळी सांगली ओळखते.
चाळीस झाले का? कोयनेतून किती सोडलं?
रात्री दोनला फोन, अनोळखी,
मागे टेम्पोत चढणाऱ्या कपाटाचा आवाज.
मी आकडा सांगतो, त्यावर
लोक ठरवतात गादी वर न्यायची का माणसं.
एप्रिलात मला कोण विचारतंय?
भडंगवालासुद्धा म्हणतो, साहेब,
तुमचं काय, सुट्टीच की!

वही मात्र रोजची. तारीख, वेळ, आकडा, सही.
तीस वर्षांत एक खाडाखोड नाही.

खोटा आकडा मी एकदाच दिला, तोही तोंडी.
पाच सालच्या पुरात
गावभागातल्या गच्चीवर माझा भाऊ, वहिनी,
आणि नऊ वर्षांचा संमेद, शेजाऱ्याचा मोबाईल घेऊन.
तासातासाला विचारायचा, काका, आता किती?
मी पुलावर, छत्री उलटलेली, विजेरी दातांत.
वहीत चढता आकडा लिहायचो
आणि फोनवर उतरता सांगायचो.
फूटभर कमी. मग आणखी फूटभर कमी.
बॅटरी संपेपर्यंत
मी त्याच्यासाठी अर्धी नदी ओसरवली होती.

नंतर पोरगं दोन वर्षं बादलीत हात घालेना.
वहिनी ओल्या पंचानं अंग पुसायची.
आम्ही म्हणायचो, भीती बसली पाण्याची.

परवा सहज बोलता बोलता म्हणाला,
"त्या रात्री मी जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, काका.
अकरा बुडाल्या होत्या.
तुम्ही सांगायचा तेव्हा बाराव्वी बुडत असायची."
मग लगेच म्हणाला, रविवारी आंबे पाठवतो,
पेटी एसटीनं देऊ का कुणाबरोबर?
मी म्हणालो, एसटीनं.

आज पाणी इतकं गप्प आहे
की पलीकडच्या काठावर कुणी कपडा आपटला
तर आवाज आधी येतो, वर्तुळ मागून,
आणि वर्तुळ इथवर पोचतच नाही.
हरिपुराकडे वारणा येऊन मिळते म्हणतात,
मिळत असेल,
दोघींपैकी कुणाचाच आवाज नाही.
वाळवंटात कलिंगडाचे वेल,
एका वेलाखाली राखणदार झोपलेला, रेडिओ चालू.

अंदाज देणं माझ्या कामात बसत नाही.
मी असलेलं वाचतो, होणारं नाही.
तरी संमेदसाठी खाली एक ओळ घालतो:
"पुढचे पाच दिवस असंच."
वर आकडा. फुटांत, मग इंचांत.
अर्ध्या इंचाची शंका येते
म्हणून चप्पल काढून पुन्हा उतरतो
आणि पुन्हा वाचून येतो.