सूर नावाचं गाव

या गावाचं नाव सूर.
घरी सांगितलं तेव्हा नलू हसली.
म्हणाली, आरतीतसुद्धा तुमचा लागत नाही,
आणि आता त्यातच राहायला निघालात.

अकरा वर्षं झाली.
समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना,
माझं काम आकड्यांवर नजर ठेवायचं.
दाब बासष्ट, क्षार एकशे चाळीस,
चहा दोन वाजता.
पूर्वी रात्रपाळीला तिघं असायचो.
शाजी त्रिशूरला परत गेला, त्याच्या खुर्चीवर कुणी आलं नाही.
आलं ते एक सॉफ्टवेअर,
बिघाड व्हायच्या आधीच सांगतं की बिघाड होणार.
खमीस म्हणाला, माझी सासूही हेच करते, पगार न घेता.

आमच्या पालशेतच्या विहिरीला
सात-आठ वर्षांपूर्वी मचूळ पाणी लागलं.
कुणी म्हणतं समुद्र आत आला,
कुणी म्हणतं बोअर फार मारल्या.
डाळ शिजत नाही. मार्चपासून टँकर.
आणि मी इथे रात्रभर बसून
कोण कुठल्या अनोळखी घरांच्या टाक्या भरतो.
हे मी नलूला फोनवर असं कधी सांगत नाही.
पगार जमा झाला का, एवढंच विचारतो.

मंगळवारी रात्री झार आले.
आमच्याकडे जेलीफिशना झार म्हणतात.
हजारोंनी आले, चंद्राच्या फुटक्या काचांसारखे,
आणि समुद्राच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीवर
थरावर थर चढत गेले.
सॉफ्टवेअर म्हणत होतं, सर्व सुरळीत.
पंप धापा टाकत होता, तो आवाज मला कानांनी कळला.
मी आणि मोफिजुल फावडी घेऊन खाली उतरलो.
उपसतो तोवर नवे येत.
मोफिजुल बारिसालचा. त्याच्या भातातही मीठ शिरलंय.
मध्येच म्हणाला, भाईसाब,
समुद्राला आपला पत्ता कुणी दिला?

चार वाजता फोन थरथरला. केतकी.
तिकडे साडेपाच. झोपलीच नव्हती.
काल तिची मुलाखत झाली, पहिल्या नोकरीची.
समोर माणूस नव्हतंच, बाबा.
पडद्यावर माझाच चेहरा, एक आवाज,
आणि कोपऱ्यात नव्वदपासून उलटे जाणारे आकडे.
हसायचं तर कुणाकडे बघून हसायचं?

माझे हात चिकट, फोन खांद्यात दाबलेला.
बापाने अशा वेळी काय बोलायचं असतं
ते मला येत नाही. मला पाण्याचं येतं.
म्हटलं, ऐक, आमच्या पडद्यातून
जे पाणी बाहेर येतं ना,
ते इतकं शुद्ध असतं की त्याला चवच नसते.
तसंच सोडलं तर लोखंडी नळ खाऊन टाकतं.
म्हणून शेवटी त्यात दगड मिसळावा लागतो.
चुनखडी. थोडीच.

ती गप्प. मग म्हणाली,
म्हणजे मी दगड?
म्हटलं, तसं नाही गं.
दोघंही हसलो. मोफिजुलला काही कळलं नाही, तोही हसला.
मग तिनं विचारलं, आत्ता काय करताय?
फावड्याने झार काढतोय.
अजून माणूस लागतो तिथे?
आज लागला, म्हटलं.

सहाला खमीस आला, खजूर आणि गरम खुब्ज घेऊन.
जाळी मोकळी. दाब परत बासष्ट.
गावात कुणाचा नळ कोरडा पडला नाही,
त्यामुळे कुणाला काही कळलंही नाही.

मग अहवाल भरायला बसलो.
बिघाडाचं कारण निवडा:
वीज, व्हॉल्व्ह, तेलगळती, मानवी चूक.
जेलीफिश यादीत नव्हतेच.
मी 'इतर' वर बोट ठेवलं.
खाली एक रिकामा चौकोन उघडला.
त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं, झार.
यंत्राने विचारलं, हा शब्द लक्षात ठेवू?

हो म्हटलं.
आणि मग आठवलं,
दोनचा चहा राहिलाच.