एकोणतीस

आठवीच्या धड्यात आज तो शब्द आला,
आणि मी खडू धरून उभीच राहिले:
व्हॅनिश.
खानापूरची शाळा. मध्ये पत्र्याचं पार्टिशन,
पलीकडे पाचवीचं गणित,
सात उणे एक, सहा उणे एक.

अर्थ सांगा, म्हटलं.
गायब, गुल, पसार, गडप, छू.
मुलांकडे या मालाला तोटा नाही.
मागच्या बाकावरचा होनगेकर उठला,
'बाई, आमचा बैल तसाच गेलाय की, बाजारातनं.
बाबा अजून हुडकूलालाय.'
वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.

कपाटातला जाड कोश काढला.
'डब्ल्यू'पासून पुढचं वाळवीनं नेलंय,
'व्ही' तेवढा वाचला.
मूळ लॅटिन, वानुस : रिकामं, पोकळ.
आणि खाली बारीक अक्षरात, लांबची भावकी सांगावी तसं :
संस्कृत, ऊन.

अंगणातलं ऊन नव्हे.
एकोणीसमधलं.
विसाला एक कमी पडलं की जे उरतं, त्यातलं.
इतकी वर्षं पाढे म्हणताना
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
की दर दहा पावलांवर
आपण एकाला न मोजता पुढे जातो.

कल्लाप्पा गेला तेव्हा एकोणतीसचा होता.

मंगळवार. दाढी केली, डबा विसरला.
कौलांच्या कारखान्यात सकाळची सही आहे,
हिरव्या शाईत, शेवटच्या 'प्पा'ला नेहमीची शेपटी.
संध्याकाळची नाही.
मधल्या वेळाचं काय झालं ते
भट्टीलाही माहीत नाही, मलप्रभेलाही नाही.
दोन्ही ठिकाणी विचारून झालं.

ठाण्यातल्या जमादारानं कानडीत लिहून घेतलं.
फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापून आलं, काणेयागिद्दारे.
आई म्हणाली, काणा कशाला म्हणतात त्याला,
दोन्ही डोळे चांगले होते की माझ्या पोराचे.
मी तेव्हा काही बोलले नाही.
पुढे कितीतरी वर्षांनी, स्टाफरूममध्ये चहा ओतताना
कानडीच्या गिरिजव्वा टीचरनी फोड करून दिली :
काणे, म्हणजे मला दिसत नाही.
'मला?'
'हां. मला. जो बोलतो, त्याला.'
कप बशीत ठेवताना आवाज झाला.

म्हणजे बसस्टँडच्या भिंतीवर
तो पावसात भिजून फिका होईपर्यंत
त्याच्याविषयी काही लिहिलेलंच नव्हतं.
लिहिलं होतं ते आमचं.

इंग्रजीत सगळं त्याच्यावर आहे.
ही व्हॅनिश्ड. कर्ता तो, क्रियापद त्याचं,
जणू दाराला कडी लावून, ठरवून.
आमच्याकडे नाहीसा झाला.
यातला 'सा' मी कधी नीट ऐकला नव्हता.
कडूसर, गोरासा, उंचसा, नाही-सा.
पुरता नाही नव्हे. नाहीसारखा.

सात वर्षांनी रेशनकार्डातून नाव काढलं.
तलाठी भला माणूस, म्हणाला, फक्त कमी करतोय, बाई.
कमी.
पाच माणसांची साखर चार माणसांची झाली
आणि मी पिशवी घेऊन घरी आले.

'बाई, वाक्यात उपयोग?'
पोरं वह्या उघडून बसलेली.
मी फळ्याकडे वळले, सरळ ओळीत लिहिलं :
द बुल व्हॅनिश्ड फ्रॉम द मार्केट.
पलीकडे कुणीतरी चुकलं होतं,
पुन्हा पहिल्यापासून, सात उणे एक.

होनगेकरनं वाक्य उतरवलं नाही.
पेन तोंडात धरून फळ्याकडे बघत राहिला.
'काय रे?'
'न्हाई बाई, ते 'ईडी' लावलंय न्हवं तुमी शेवटाला,
ते झालं गेलं असलं की लावतात.
आमी हुडकूलालोय अजून.'

डस्टर हातात घेतला.
फळ्यावर शेवटची दोन अक्षरं.
पुसली तरी खडू मागे राहतोच थोडा,
हे सगळ्या मास्तरांना ठाऊक असतं.