चोविसावा हिस्सा

कवाल्याच्या चढावर, एकशे बारा पायऱ्या संपल्या की
अठरा नंबरचं घर.
वर्षातून तीनदा मी तिथे दम खायला थांबते
आणि थांबलेच आहे तर मीटर वाचते.
४१२७.
आठ वर्षं ४१२७.
वहीत आकडा मांडताना आता नजरही वर जात नाही.

गल्लीत विचारा, उत्तर सगळ्यांकडे तयार.
खानावळवाला लेफ्तेरिस म्हणतो, आत कुणीतरी फास लावून घेतला.
(घेतला होता, पण तंबाखूच्या वखारीत, आणि तो वाचला.)
पोरं म्हणतात, भूत.
बँकेतला म्हणतो, भाव चढायची वाट बघतायत.
समोरच्या आर्यिरोबाईंना खरं ठाऊक आहे.
त्या आधी खुर्ची देतात, मग पाणी, मग चमचाभर अंजिराचा मुरांबा,
अंजीरही त्याच घराचं, भिंत ओलांडून आलेलं,
आणि मग पावकी-निमकी म्हणावी तसं सुरू करतात:

आनेस्तिस वारला तेव्हा मुलं चार. प्रत्येकाला पाव.
थोरल्याला तीन, म्हणून पावाचे तीन.
त्यातला एक स्टुटगार्टला गेला, तिथेच कारखान्यात संपला,
मागे दोन मुली, म्हणजे बाराव्याचे दोन.
दुसरी मेलबर्नला. तिचा पाव अजून अख्खा,
ती नव्वदीला टेकलेली, तिला विकायचं नाही.
तिसऱ्याला विकायचंय, कालच.
धाकट्याने टोरोंटोत दुसरं लग्न केलं,
ती बाई पत्रातून विचारते, घर नेमकं कुठल्या देशात आहे?
एकूण सह्या एकोणीस.
एका उन्हाळ्यात अठरा जमल्या होत्या.
एकोणिसावी विमानात होती तेव्हा
अठरातला एक गेला
आणि त्याचे चार झाले.

घर पाहावं बांधून म्हणतात.
बांधणं सोपं गं, आर्यिरोबाई म्हणतात,
घर पाहावं वाटून.

भांडण आहे का, मी विचारलं.
भांडण असतं तर बरं झालं असतं, त्या म्हणाल्या,
भांडायला माणसं एका खोलीत यावी लागतात.

विजेचा स्थिर आकार मेलबर्नहून येतो, न चुकता.
वीज तोडली की घर गेलं, असं म्हातारीला वाटतं.
म्हणून तर मी येते.

यंदा नोव्हेंबरात मीटरची काच रुमालाने पुसली.
पुन्हा पुसली.
४१३०.

पोलिक्सेनी आली होती, आर्यिरोबाई म्हणाल्या,
स्टुटगार्टची, दोघींतली धाकटी.
सोबत मोजपट्टी, खडू, एक छोटा हीटर.
एकशेवीस भागिले चोवीस, म्हणजे पाच चौरस मीटर:
मोरीपासून खिडकीपर्यंत.
तेवढ्याभोवती रेघ मारली. तेवढंच झाडलं.
रेघेपलीकडची धूळ जशीच्या तशी ठेवली,
ती तिची नव्हती.
रात्रभर खुर्चीत बसून राहिली, पाय आखडून.
चुलत्याच्या हद्दीतून संडासाला जाताना
अंधारात कुणाला तरी माफ करा म्हणाली, मी ऐकलं.
सकाळी कॉफी उकळली,
कप विसळला, उपडा घातला, गेली.

काही बोलली का?
म्हणाली, बघायचं होतं पुरतं का.
मग?
आर्यिरोबाईंनी मुरांब्याचं झाकण लावलं.

मी झडपेच्या फटीतून पाहिलं.
धुळीच्या त्या पसाऱ्यात एक स्वच्छ चौकोन,
त्याच्यावरही आता बारीक साय धरायला लागलेली,
आणि कप, उपडा,
खिडकीच्या कठड्यावर रेघेच्या बोटभर बाहेर.

वहीत लिहिलं ४१३०.
युनिटं तीन. हे बिल कुणाच्या नावे,
बावीस जणांत तीन कसे वाटायचे,
हे माझं काम नाही.
पुढच्या घरी कुत्रा असतो. पिशवी छातीशी धरली
आणि पायऱ्या चढू लागले.