सूप घेऊन वाळूजला

आधी आम्ही जाळायचो.
कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात, रात्री नऊनंतर,
लोखंडी रिंगवर तारांची भेंडोळी ठेवून.
ज्वाळेला हिरवी कड यायची.
आयुब म्हणायचा, बघ, तांबं बोलायलंय.
सकाळी हाती यायचं ते काळं, ठिसूळ.
व्यापारी दोन बोटांत चोळायचा, भाव पाडायचा,
आणि पलीकडच्या आळीतली पोरं
खोकत शाळेत जायची.
त्यातलं एक आयुबचं.

मग ब्लेडचे दिवस.
कौतिकाबाई पायाच्या अंगठ्यात तार धरायची
आणि शेवग्याची शेंग सोलावी तशी सोलायची,
दिवसाला चार किलो, जाड असली तर सहा.
तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा
रेशनच्या यंत्राला सापडत नाही.
पुन्हा दाबा, म्हणतो दुकानदार. पुन्हा दाबा.

तर मशीन घ्यायचं ठरलं.
राजकोटहून मेहुलभाईचा फोन: सोलायचं घ्या, स्वस्तात बसेल.
दुसऱ्या कुणाचा: दाणे करायचं घ्या, सगळं खातं.
आम्ही आधी गोदाम मोजलं.
एका ढिगात बोअरच्या मोटारींची चपटी केबल,
तीन पदरी, सातशे फुटांवरून ओढून काढलेली,
अजून तिला चुनखडीचा वास.
दुसऱ्यात मोटारसायकलींच्या वायरिंगच्या जुड्या,
चार्जरच्या शेपट्या, मांडवाच्या लायटिंगच्या माळा:
तांब्याची तार केसाएवढी
आणि तिच्यावर गोधडीएवढं प्लास्टिक.
वजनात पहिला ढीग एक हिस्सा, दुसरा तीन.
सोलायचं मशीन एकेक तार मागतं,
माळांपुढं ते हात टेकलं असतं.

लोड मंजूर वीसचा, मशीन मागतं तीस.
वायरमन फुलारी म्हणाला, अर्ज करा,
पावसाळ्यापर्यंत होईल.
कोणत्या, ते विचारू नका.

वाळूजला एका शेडमध्ये ट्रायल होती.
मी मपलाच माल नेला, तीन पोती,
त्यांचा नमुना नको म्हणालो.
कौतिकाबाई टेम्पोत पुढं बसली, मांडीवर सूप.
बाई, सूप कामून?
असू द्या.

मशीन सुरू झालं, तळपाय झिणझिणले.
इकडून माळा गेल्या, तिकडून तांबं आलं
अळिवासारखं बारीक, तांबडं.
मालकानं ओंजळभर माझ्या हातात दिलं.
मी भुललो, खरं सांगतो. आयुबनं फोटो काढला.

बाई तांब्याकडं गेलीच नाही.
ती गेली मागं, जिथं भुसा पडत होता,
निळा, पिवळा, काळा, प्लास्टिकचा.
दोन मुठी सुपात घेतल्या
आणि उकिडवी बसून पाखडायला लागली.
त्या धडधडीत सुपाचा आवाज येत नव्हता,
दिसत होतं नुसतं मनगट.
रंग पुढं सरकला, जमिनीवर सांडला,
सुपाच्या मागच्या कडेला तांबडी रेघ उरली.
हे कोणाच्या घरी जाणार? तिनं विचारलं.

मालक हसला. मग हसायचा राहिला.
जाळी बदलली, हवेची झडप आवळली,
पुन्हा पोतं, पुन्हा सूप. रेघ बारीक झाली.
तिसऱ्यांदा उरले सात दाणे. तिनं मोजले.
इतकं चिमण्यांचं, म्हणाली.
झडपेचा आकडा मी बिलबुकाच्या पाठीवर लिहून घेतला.

ते घेतलं. आणि चपट्या केबलीसाठी
हातदांड्याचं जुनं सोलायचंही घेतलं,
लखलखीत तांब्याला वरचा भाव आहे.
मोठं मशीन ताडपत्रीखाली उभं आहे,
अर्ज फुलारीकडं.

तोवर आम्ही निवडत बसतो,
कारण एक गोष्ट त्याला कळणार नाही.
काल माळांत एक पांढरी तार निघाली,
मी ती ॲल्युमिनियमच्या घमेल्यात टाकली.
बाईनं परत उचलली, ब्लेडनं खरवडली:
वर कथिलाचा मुलामा, आत तांबडं.
बोलली काही नाही.
तो बिनठशाचा अंगठा पदराला पुसला
आणि घमेलं स्वतःकडं ओढून
पहिल्यापासून बघायला लागली.