चारही सारखे

टोमिंटूलच्या उतारावर, मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून
उभी होती ती. लांब पाठीची, करडी,
अकरा हिवाळे पाहिलेली.
वाकून मी टायरच्या खाचेत नाणं घातलं.
फर्गसनं बजावलं होतं:
चारही चाकं ओढणारी गाडी घेतेस ना,
मग चारही टायर सारखेच झिजलेले बघ,
एक जरी नवा निघाला
तर आतले दाते एकमेकांशी भांडत बसतात.
सारखे होते.

ग्रिझेल दारातूनच बोलली, मी न विचारता:
"गारठ्यात दुसऱ्या गिअरला जाताना जरा विचार करते.
दाबू नकोस. तिचं तिला सुचतं."

मागची सीट पाडली. सुतळी, कुत्र्याचे केस,
मेंढ्यांच्या औषधाची रिकामी बाटली.
"झाडायला घेतलं होतं मी," म्हणाली,
आणि कुंपणाकडे बघत राहिली.

मला रोज चौतीस मैल,
पहाटे पाचला, एल्गिनच्या इस्पितळात,
बर्फाचा नांगर रस्त्यावर यायच्या आधी.
डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला,
म्हणून ऑटोमॅटिक.
शंभर पौंडांची घासाघीस केली.
लाज वाटली, तरी केलीच.

घरी येताना पहिल्याच वळणावर
डावा पाय आपसूक खाली गेला, क्लच शोधत.
तिथं नुसती रबरी मॅट,
आणि मॅटमध्ये एक खळगा,
माझ्या टाचेपेक्षा मोठ्या टाचेचा.